ऐनाखालचा देव आणि खाकीतली लेक

अर्जुनी मोरगावहून निघालेल्या एसटीने मला नवेगाव बांधला उतरवलं तेव्हा चैत्राचं ऊन चढलं होतं. तलाव डोळे भरून पाहिला आणि जंगलाच्या फाटकाशी आले. तिथे खाकीतली एक तरुण वनरक्षक एका म्हाताऱ्याकडे काडेपेटी मागत होती.

"आत विस्तव नाही न्यायचा, बाबा."

म्हातारा तिचा बाप होता आणि गावाचा भुमका (गोंडांचा पुजारी). आत, ऐनाच्या झाडाखाली त्यांचा देव. नव्या मोहफुलांचा भात तिथे रांधून देवाला दाखवल्याशिवाय गावात कोणी नवा मोह तोंडात घालत नाही.

"देवाले सरकार कायले अडवून राह्यलं?" तो चिडला. "तुह्या आज्यानं तिथंच चूल मांडली, म्याबी मांडली."

"पाला वाळला हाय. देवाचं झाडच पेटलं तर देव कुठं बसंल?" तिचा हात पुढेच होता.

त्याने काडेपेटी दिली आणि पाठ फिरवून सावलीत बसला. मी पाण्याची बाटली पुढे केली, पण त्याने घेतली नाही. "सारं गाव वाट पाहून राह्यलं," एवढंच म्हणाला.

ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. "माह्या खोलीत रांधू?"

"सरकारच्या चुलीवर?"

"सिलिंडर माह्या पगाराचं हाय."

"अन् पगार कोन देते?"

यावर तीच आधी हसली. म्हाताऱ्याच्या मिशाही हलल्या. "रांध," तो म्हणाला. "तुही माय गेल्यापासून घरच्या बाईच्या हातचं देवाले भेटलंच नाही."

फाटकामागच्या तिच्या खोलीत भात शिजला. त्याला एकट्याला आत सोडता येत नव्हतं, म्हणून काठी घेऊन ती पुढे झाली. मलाही बरोबर घेतलं. ऐन दिसताच म्हातारा थांबला.

"तुह्या फाटकावर म्या ऐकलं. आता हे माह्या देवाचं फाटक. बूट काढ, पट्टा काढ."

ती वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. जमीन तापली होती. म्हाताऱ्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या पायांखाली अंथरला, आणि त्यावरूनच ती भाताचं पातेलं घेऊन देवापुढे गेली.

निघताना त्याने पळसाच्या पानावर मला प्रसाद दिला. मोहाचा असा मऊ, मातकट गोडवा मी प्रथमच चाखला.

परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "वाघ दिसला का मॅडम?"

"नाही. एक बाप आणि त्याची लेक दिसली."

देव मोठा की सरकार, हा वाद मी आजवर मोठ्या आवाजातच ऐकला होता. इथे दोघांपैकी कोणीच हरलं नव्हतं. फक्त वाकली होती दोघंही, एकमेकांसाठी.