उंबऱ्यात ठेवलेलं ताट

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एचआयव्ही आहे असं आज कळलं, तर त्याचं ताट तुम्ही कुठे मांडाल? सगळ्यांच्या पंगतीत, की कोपऱ्यात, वेगळं काढून? उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. माझे बाबा या आजाराची माहितीपत्रकं छापायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायचे. स्पर्शानं किंवा एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, हे मला आरतीच्या आधी पाठ झालं. देव मात्र त्या पत्रकांत कुठेच नव्हता. म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतोय.

नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये मामाकडे राहिले. मामा बँकेतून निवृत्त झालेला, एकटा, कित्येक वर्षं एचआयव्ही घेऊन जगणारा. गोळ्या नेमानं चालू होत्या, विषाणू इतका दबलेला की तपासणीत सापडत नसे. पण शरीर वयाच्या पुढे धावत सुटलं होतं. शर्ट खांद्यांवरून लोंबायला लागले, चालताना भिंतीचा आधार लागायचा, बरणीचं झाकण उघडेना. डॉक्टर म्हणाल्या, आजार आटोक्यात आहे, पण अंगातली ताकद चाललीय. पडले तर पुन्हा उभं राहणं कठीण, दिवसा एकटं ठेवू नका. मामानं साफ नकार दिला. परकं माणूस घरात आलं की गोळ्या दिसणार, मग देवळातल्या त्याच्या भजनाच्या मंडळींना कळणार. "पडून मरेन गं, पण त्यांच्या नजरेनं नाही मरणार." मी चिडले, "मग मीच सांगते त्यांना, काय ते!" "हो, माझं पत्रकच काढशील तू," म्हणून तो हसला. दार बंद ते बंदच राहिलं.

उघडायचं ते फक्त गुरुवारी. भर दुपारी दत्त भिक्षेला फिरतो, कुठल्याही रूपात येतो, म्हणून मामा जेवणाआधी एक ताट वाढायचा, आधी दार आणि त्याबाहेरची लोखंडी जाळी सताड उघडायचा, मग ताट आणून उंबऱ्यात ठेवायचा आणि वाट बघायचा. कोणी आलं नाही की तेच स्वतः जेवायचा. हात थरथरत, त्यामुळे स्वयंपाकघरापासून दारापर्यंत वरणाचे पिवळे थेंब सांडत. संध्याकाळी कामावरून आले की मी ते पुसायचे. दर गुरुवारी थेंब वाढत चालले होते.

तो गुरुवार चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यातला. या महिन्यात मेलेली माणसं घराकडे फिरकतात म्हणे. खाली लोक त्यांच्या नावानं कागद जाळत होते, काळी राख वरपर्यंत तरंगत येत होती. सकाळी निघाले तेव्हा कॉरिडॉरभर उदबत्त्यांचा धूर होता आणि माणूस एकही नव्हतं. तरी पाठीमागे कोणीतरी आहे असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं.

दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. मामा स्वयंपाकघरात पडला होता. मी पोहोचले तेव्हा खाटेशेजारी आमची चिनी शेजारीण आंटी बसलेली, मांडीवर रक्तानं माखलेला तिचाच टॉवेल. मामा म्हणाला, "ती रक्त पुसायला वाकली तसा मी ओरडलो, हात लावू नका, एचआयव्ही आहे मला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोललो गं. तर ही आपल्या सिंगापुरी इंग्रजीत मलाच दटावते, 'अंकल, यू ओल्ड, आय ओल्ड. डोन्ट टॉक, ला!'" बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आंटी त्याचा हात सोडत नव्हती.

तिनं मला सांगितलं ते असं. आपल्या गेलेल्यांसाठी संत्री ठेवायला ती बाहेर आली. आमच्या उघड्या दारात ताट दिसलं. आम्हीही आमच्या गेलेल्या माणसांना जेवू घालतोय असं वाटून तिनं हात जोडले, सहज आत पाहिलं, तर जमिनीवर पाय दिसले.

मी मामाचे कपडे आणायला घरी आले. ताट उंबऱ्यात होतं. मेलेल्यांचं अन्न म्हणून त्याला कोणी शिवलं नव्हतं. भातावर राखेचा एक कण. फोन करून मामाला विचारलं, ताट ठेवून परत येताना पडलास का? तो म्हणाला, "कुठलं ताट? मी जाळी उघडून परत आलो, ताट उचलायच्या आतच चक्कर आली. ओट्यावरच असेल बघ."

डोक्याला मार लागलाय, आठवत नसेल, असं मी स्वतःला बजावलं. सवयीनं फडकं ओलं करून फरशी पुसायला बसले. ओट्याजवळचा रक्ताचा डाग सोडला, तर दारापर्यंत फरशी कोरडी, लख्ख. वरणाचा एक थेंबही नव्हता. आणि ताटातली वाटी काठोकाठ भरलेली होती. फडकं हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. जाळी उघडीच होती, आणि ती लावायचं धाडस मला झालं नाही.

ते ताट कोणी ठेवलं? मला माहीत नाही, आणि आता मी शोधतही नाही. मामा घरी आला आणि त्यानं आपण होऊन घराची किल्ली आंटीच्या हातात दिली. माझ्या लेखी चमत्कार तोच. भजनाच्या मंडळींना त्यानं स्वतः सांगितलं. काही भेटायला येतात, काही टाळायला लागले. मामा अजून अशक्तच आहे, पण दुपारी एकटा नसतो. शरण जाणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटायचं. ते आपलं दार आतून उघडणं आहे, हे मी त्याच्याकडून शिकले. गुरुवारी मी हात जोडते. कोणापुढे, ते विचारू नका.

एवढंच करा. या गुरुवारी एक ताट जास्त वाढा, पण उंबऱ्यात ठेवून थांबू नका. ज्या बंद दारामागे असं एखादं म्हातारं माणूस एकटं बसलंय, तिथे ते स्वतः घेऊन जा, आणि त्याच्यासमोर बसून त्याच ताटातला एक घास खा.