गेटजवळचा माड

नव्या बिल्डिंगच्या गेटजवळ कोणती झाडं लावायची हे ठरवणाऱ्या समितीत मला कुणी घेतलं नव्हतं. मीच घुसले होते. मला तिथे माड हवा होता.

बोरीवलीच्या आमच्या जुन्या चार मजली सोसायटीत, नेमक्या त्याच जागी, वडिलांनी लावलेला माड होता. कोकणातल्या गावाहून एसटीत मांडीवर रोप घेऊन आले होते, आणि खड्ड्यात आधी ओंजळभर मीठ घातलं होतं. आई मासे धुतलेलं पाणी बादलीत साठवायची, दोन जिने उतरून त्याच्या मुळाशी ओतायची आणि त्याच्याशी बोलत उभी राहायची. माणसांचा आवाज कानावर पडला नाही तर माड धरत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे वडिलांवरचा राग, माझे गणितातले मार्क, सगळं आधी माडाला कळायचं. मैत्रिणी बरोबर असल्या की माडाशी बोलणाऱ्या आईला मी ओळखच दाखवायचे नाही. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

वडील गेले, मग पुनर्विकासात माडही गेला. संमतीच्या कागदावर आईचा अंगठा मीच धरून उमटवला. भाड्याच्या घरात तीन वर्षं ती एकच विचारायची, "थंय माड आसतलो मां गो?" मी "हो, असेल तिथे" म्हणून मोकळी व्हायचे.

समितीत मी विषय काढला, तर सेक्रेटरी म्हणाला, "अगं, नारळ कुणाच्या डोक्यात पडला तर? गाड्यांची तर वाटच लागेल."

"वेळच्या वेळी उतरवून घेऊ ना."

"कोण चढणार? तू?"

सगळे हसले. मी तणतणले, पण उपयोग शून्य. माडाच्या बाजूने हात एकच वर झाला, माझा.

मग नर्सरीत गेलो. फॉक्सटेल पाम म्हणजे बाटल्या धुवायचा ब्रश. सुपारीसारख्या दिसणाऱ्या अरेकाचं नुसतं झुडूप. शेवटी मी नारळ न धरणाऱ्या रॉयल पामवर बोट ठेवलं. सेक्रेटरीला वाटलं, बाईंना अक्कल आली. मी बघत होते एवढंच, की आईच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना लांबून माडासारखं कोणतं दिसेल.

राहायला आलो त्या दिवशी आईला गेटवर रिक्षातून उतरवलं आणि म्हटलं, "हा बघ तुझा माड." तिने गुळगुळीत खोडावरून हात फिरवला. मला वाटलं, जमलं.

महिन्याभराने वॉचमनने तक्रार केली, आजी रोज झाडाला माशांचं पाणी घालतात, मांजरं जमतात. मी खाली गेले. आई बादली घेऊन त्या पामशी बोलत होती. मी रात्री जेवत नाही, अशी माझी तक्रार त्याला सांगत होती. मला रडूच आलं.

"आई, अगं, तो..."

"माड न्हय. हात लावलंय तेव्हाच कळला माका."

"मग पाणी कशाला?"

"ह्येका तरी हय कोण आसा गो बोलाक?"

मी तिच्या हातून बादली घेतली. वॉचमन बघत होता, दोन शेजारणीही थांबल्या होत्या. उरलेलं पाणी मुळाशी ओतलं आणि रॉयल पामला मोठ्याने विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"