हार घातलेला लेखक

आमच्या नाटक मंडळीतले दोघे कुठेही भेटले की चहा गार होतो आणि तिसऱ्याची निंदा सुरू होते. हे किस्से असेच साठलेत. मी पेटी वाजवायचो, स्टेजच्या कडेला बसून. तिथून दोन्हीकडचं दिसतं, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

मंडळी सिंदेवाहीकडची. धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची. दिवसा बैलांच्या शर्यती, मग आमचं नाटक. मालक गोविंदाभाऊ. त्यांना चांद्याच्या एका वकिलाने सांगून ठेवलं होतं, की लेखक जिवंत असेल तर परवानगी लागते. तेव्हाच्या कायद्याने वारून पन्नास वर्षं झाली की नाटक सगळ्यांचं. तेव्हापासून भाऊ नाटक वाचतच नसत. कोणी पुस्तक आणलं की एकच प्रश्न, "लेखक मेला का?"

"नाई भाऊ, तब्येत ठणठणीत आहे."

"मंग ठेव बाजूले."

*

एकदा मोटारीने चांद्याला निघालो होतो. भाऊ रशीदभाईला म्हणाले, "तो नागपूरवाला अजून जिवंतच आहे ना. किती वाट पाहाची?" रशीदभाई आमचा टेलर, आणि राणीचं कामही तोच करायचा. तो शांतपणे म्हणाला, "सोडा त्याले. दुसरा पाहून ठेवला आहे."

शेजारचा माणूस अर्ध्या वाटेत, मूल गावालाच उतरून गेला. तिकीट चांद्याचं होतं त्याचं!

*

एका लेखकाला वारून पन्नास वर्षं व्हायला थोडीच कमी होती. आम्ही थांबलो. तोवर त्याची पुण्यतिथी घरच्यांनीही पाळली नसेल इतक्या नेमाने आम्ही पाळली. नाटक मोकळं झालं तेव्हा राजकुमाराचं पोट सुटलं होतं आणि रशीदभाई आजोबा झाला होता. "राणीले नातू झाला," म्हणत भाऊ गावभर पेढे वाटत फिरले.

*

त्यानंतर भाऊंना वाट पाहायचा कंटाळाच आला. बाजारात त्यांना एक कव्हर फाटलेलं जुनं नाटक मिळालं. पहिल्याच पानावर लेखकाचा फोटो, झेंडूच्या हारासकट.

"हार आहे. म्हणजे वारला. आन पुस्तक माह्या बापाच्या वेळचं. पन्नास वर्षं कधीचेच झाले."

"भाऊ, हार गळ्यात आहे, फोटोले नाई," रशीदभाई म्हणाला.

"वारल्याबिगर लेखकाले हार कोण घालते?"

भाऊंनी तो फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला, वरून खरा हार घातला. दर प्रयोगाआधी त्याच्यापुढे उदबत्ती लागायची.

त्या हंगामातली सगळ्यात मोठी मंडई. गावाने झाडून सगळे सोयरे बोलावलेले. प्रयोग पडला असता तर पुढच्या गावांनी आम्हाला उभं केलं नसतं. नारळ फोडायच्या वेळी एक म्हातारे पाहुणे काठी टेकत स्टेजवर आले. मुलीच्या सासरी आले होते. फोटोसमोर थांबले.

"हे कोण?"

"आमचे लेखक," भाऊ हात जोडून म्हणाले. "वारले बिचारे. पन्नास वर्षं होऊन गेले."

म्हातारे चष्मा सावरून फोटोजवळ वाकले. "वरोऱ्याले माहा सत्कार झाला होता," ते म्हणाले. "हा गळ्यातला हार माह्या मास्तरनं घातला."

रशीदभाई साडीसकट खाली बसला. बाहेर लोक शिट्ट्या मारत होते. भाऊंचा चेहरा पाहून मला खरंच भीती वाटली. त्यांनी म्हाताऱ्यांचे पाय धरले.

"बाबाजी, परवानगी द्या. नाईतर मंडळी बुडाली."

"मले मरून पन्नास वर्षं झाले ना? मंग मले काऊन विचारता?"

फोटोचा हार एका बाजूला सरकला होता. तो त्यांनी नीट केला, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.