दवाखान्याच्या कागदावरचं माझं वाक्य

बी.एस्सी. झाल्यावर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी बेंगळुरूला आले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, एकट्या मुलीला कुणी खोली देत नसे. बसवनगुडीतल्या एका जुन्या मराठी घराने दिली. घरमालकांना मी अण्णा म्हणे, त्यांच्या बायकोला अक्का. पहिल्या दिवशी कारखान्याच्या बसपर्यंत अण्णा स्वतः सोडायला आले होते. त्या उपकारापोटी भिंतीपलीकडचे आवाज मी दोन वर्षं ऐकून न ऐकल्यासारखे केले.

एका रविवारी सकाळी विरजण मागायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. माझ्या डोळ्यांसमोर अण्णांनी पितळी तांब्या अक्कांच्या तोंडावर मारला. दोनदा. मग मला पाहून शांतपणे म्हणाले, "ऑटो बोलवा."

ऑटोत म्हणाले, "न्हाणीघरात घसरली म्हणून सांगा. तुम्ही शिकलेल्या. इंग्रजीत सांगितलं की डॉक्टर जास्त विचारत नाहीत."

अक्कांना तोंड उघडता येत नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली सोबत आणणारी म्हणून माझं नाव घातलं.

तीन महिन्यांनी अक्का भावाकडे निघून गेल्या आणि त्यांनी तक्रार केली. मीही खोली सोडली. मग सरकारी वकीलबाईंनी मला बोलावलं.

"त्या वेळी घरात तुम्ही तिघंच. बाई म्हणते तांब्या, कागद म्हणतो न्हाणीघर. तुम्ही आला नाहीत तर कागदच खरा ठरेल."

"खोटं सांगितलं म्हणून मला धरतील का?"

"धरतील असं वाटत नाही. पण झोंबेल असं विचारतील." त्यांनी फाईल मिटली. "स्वल्प भीती असू दे. जास्त धीट साक्षीदार मला नको असतो."

नोकरी जाईल, पोरगी कोर्टात उभी राहिली हे गावी बाबांच्या कानावर जाईल, असं सारखं वाटायचं.

कोर्टात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी ओळखीची मान हलवली, आणि माझे हात नमस्कारासाठी अर्धे उचलले गेले. मी ते घाईने खाली घेतले. त्यांच्या वकिलाने कागद पुढे केला.

"हे तुम्ही सांगितलेलं?"

"हो."

"खरं?"

"खोटं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"तेव्हा बोलले."

"आज नाही कशावरून?"

याचं उत्तर मी ठरवून आणलं नव्हतं. मी कठडा धरला. "तेव्हा मला त्यांच्याच घरी परत जायचं होतं," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी वकिलाला थांबवलं आणि ते वाक्य टाइप करायला सांगितलं.

अण्णांना शिक्षा झाल्याचं अक्कांच्या पत्रातून कळलं, पण त्याला आणखी वर्ष गेलं. साक्षीच्या त्या दिवशी मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात अण्णा जवळून गेले आणि हळूच म्हणाले, "खोली अजून रिकामीच आहे हो तुमची." साक्षीसाठी आलेल्या अक्का माझ्या शेजारीच होत्या, त्यांनी माझं मनगट पकडलं. पुढच्या दाराने जायची आम्हा दोघींचीही छाती झाली नाही. मागच्या फाटकाने बाहेर पडून पहिली मिळाली त्या बसमध्ये चढलो. ती कुठे जाते हे आम्ही कंडक्टरलासुद्धा विचारलं नाही.