मशीन उघडं टाकून आलेय

"मॅडम, पटकन बोला. मशीन उघडं टाकून आलेय."

खुर्चीत टेकली की या बाईचं पहिलं वाक्य हेच. वर माझ्याशी बोलणं चालू, खाली टेबलाखाली तिचा पाय चालू. ब्लाउज शिवणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील, पण मशीन नसतानाही पाय मारणारी मी हीच पाहिली. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात मी समुपदेशक. "जरा स्वस्थ बसा हो!" मी खेकसायचे. दोन मिनिटं पाय थांबायचा.

नवरा जाताना तिला हा आजार देऊन गेलेला. कल्याणला भावाच्या घरी आली, पुढच्या खोलीत शिवणकाम मांडलं. घरात कुणाला पत्ता नाही. गोळ्या बटणांच्या डब्यात. इतक्या वर्षांत एक चुकवली नाही.

मग मानेला गाठ आली. लिम्फोमा, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. केमोने गेली, परत आली. डॉक्टर म्हणाले, आता स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे मूळ पेशींचं रोपण, नाहीतर कठीण आहे. बाई "बरं" म्हणाली आणि गायब झाली. फोनही उचलेना.

आमच्या कामात पेशंटच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही. घरचे विचारतात, या कोण? तीन दिवस नुसती चडफडले. चौथ्या दिवशी ब्लाउजपीस घेतलं आणि गिऱ्हाईक म्हणून गेले. आत भावजय भाजी निवडत होती. बाईने मुकाट्याने टेप उचलली.

"मरायचंय का तुम्हाला?" मी कुजबुजले.

"हात वर करा." माप घेता घेता ती हळूच म्हणाली, "पेशी द्यायला भावाला बोलावतील. मग त्याला सगळं कळेल. मॅडम, माझा उरलेला अर्धा चहा तो पितो, लहानपणापासून. कळल्यावर नाही पिणार."

असा राग आला, पण आवाज दाबूनच म्हणाले, "अहो, भाऊ कशाला? तुमच्याच पेशी! तुमच्या रक्तातून काढून गोठवून ठेवतात, मग जालीम औषधाने गाठी मारतात आणि त्याच पेशी तुम्हाला परत देतात. आपल्या गोळ्याही चालूच ठेवायच्या."

टेप तिच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे माझ्याच कापडाचं ठिगळ?"

"हो!"

"मग हे आधी नाही का सांगायचं?" वर मलाच झापलं.

मुंबईच्या इस्पितळातल्या बंद खोलीतून तिचा फोन आला. "तोंड आलंय. पाणी गिळवत नाही. पण गोळी घेतली. मॅडम, इथे जीव नुसता कासावीस होतो, पाय कुठे मारू?" त्यानंतर फोन बंद. एक महिना, दोन महिने. दार वाजलं की मी मान वर करायचे.

एका सकाळी तिची फाईल घेऊन तिचा भाऊच समोर येऊन बसला. मी फाईल उघडलीच नाही.

"ताईच्या गोळ्या न्यायला आलोय," तो म्हणाला. "तिने सांगितलंय मला. सगळं." त्याने पिशवीतून माझा ब्लाउज काढला. "आत कापड जास्त ठेवलंय म्हणाली. मॅडम जाड झाल्या असतील."

मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. "मेली स्वतः का नाही आली?"

"मशीन उघडं होतं."

मी त्याला चहा मागवायला निघाले, तर तो घाईघाईने उठला.

"नको मॅडम. ताई अर्धा ठेवते माझ्यासाठी. नाही प्यायलो तर ओरडते."