ऐकणाऱ्याकडे बघून सांगितलेली गोष्ट

एप्रिल १९७७, मंगळवार. सकाळची शाळा करून घरी आले आणि कुरडयांचा चीक चुलीवर ठेवला. गुठळी होऊ नये म्हणून तो सारखा हलवावा लागतो, त्यामुळे दारात कोण आलं ते आधी पाहिलं नाही. "बाई, माय गेली," एवढंच सोपानभाऊ म्हणाले. मी पातेलं उतरवलं, विस्तवावर पाणी मारलं आणि त्यांच्यामागे निघाले.

सोपानभाऊ आमच्या झरीच्या शाळेत शिपाई आणि गल्लीत माझे शेजारी. घंटा द्यायला त्यांना कधी कधी उशीर व्हायचा, पण शाळेचा रांजण रिकामा कधी सापडला नाही. रोज सकाळी आडावरून पाणी शेंदून तो काठोकाठ भरायचा, मगच कुलूप काढायचं. एखादं पोरगं शिक्षा म्हणून उभं असलं तरी हे तांब्या घेऊन पुढे. "आधी पानी पी, मंग मार खा." माझा तास ऐन रंगात आला की दारातून विचारायचे, "बाई, घसा कोरडा पडला आसंल." हेडमास्तर चिडायचे. सोपानभाऊ त्यांनाही तांब्या द्यायचे.

दुष्काळाच्या साली ते धाकट्या भावाला, गौतमला, घेऊन किनवटच्या पलीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेले होते. दोघे टोळीपासून चुकले. ऐन उन्हाळा, ओढे आटलेले. गावात परत आले ते एकटे सोपानभाऊच.

आणि ही गोष्ट ते हसवत सांगायचे. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली की त्यांची आई, गयामाय, स्वतःच म्हणायची, "सोपान, गौत्याचं सांग की." मग सोपानभाऊ उठून उभे राहायचे. "गौत्याच्या म्होरं अस्वल! गौत्या हात जोडून म्हनतो, 'काय अस्वलराव, तुमीबी दुष्काळी कामावरच का? मस्टरवर नाव लागलं का न्हाई?' वानर दिसलं की म्हनायचा, 'मुकादमसाहेब, आमची हजरी लावा.'" शेवट ठरलेला असे. मोहाची फुलं पोटभर खाऊन गौतमला गुंगी आली, गाणं म्हणत तो झाडाखाली आडवा झाला आणि उठलाच नाही. "हासत गेला बग, माय. कायबी कळलं न्हाई त्याला." गयामाय पदर तोंडाला लावून हसायची. "लय नकल्या माझं लेकरू," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी सातवीला मी जंगलात वाट चुकलेल्या माणसाचा धडा शिकवत होते. गोष्ट कोण सांगतो, कोणत्या सुरात सांगतो, आणि संपल्यावर आपल्या हाती काय लागतं, असे तीन प्रश्न फळ्यावर लिहिले होते. मुलांना धड्यातलं काही सुचेना, म्हणून सोपानभाऊंना वर्गात बोलावलं. अस्वलराव आले तसा वर्ग खदखदला. एक मुलगी मात्र हसली नाही.

"मामा, तुमचा सख्खा भाऊ मेला अन् तुमी हासवायलाव?"

सोपानभाऊ टेबलावरची खडूची पेटी नीट लावत राहिले. "पोरी, गोष्ट ऐकनाऱ्याकडं बगून सांगावी लागती."

"मंग आमच्याकडं बगून सांगा की."

"तुमाला सांगितलेली गावभर जाती," म्हणाले आणि बाहेर गेले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गयामाय माझ्याकडे कुरडया घालू लागायला आली होती. सोऱ्या दाबता दाबता, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "गौत्या तहानंनं मेला, बाई. टोळीतला मानूस मला सांगून गेला. त्यायनी हुडकलं तवा सोपान त्येच्या तोंडात वल्लं धोतर पिळत बसला हुता. मेलेल्याच्या तोंडात."

"मग तू हसतेस कशी?"

"तो हासवतो म्हनून. मी रडले तर त्येला वाटंल, आपन पानी येळंवर आनलं न्हाई. एक लेकरू रानात ऱ्हायलं. दुसऱ्याला कशाला तिकडं धाडू?" कुरडयांनी खाट भरली तशी तिने हात धुतले. "त्येला कळू देऊ नगा."

शाळा उघडल्यावर मी फळ्यावर चौथा प्रश्न वाढवला. गोष्ट कोणाला सांगितली आहे?

त्या मंगळवारी त्रिशरण झालं, माती झाली, लोक परतले. सोपानभाऊ ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

"बाई, आता सांगायला हरकत न्हाई. गौत्या झोपंत न्हाई गेला. पानी, पानी करत गेला. 'दादा, मला एकट्याला सोडून जाऊ नगंस,' म्हनला. मी गेलो. पानी घिऊन आलो, तर..." यात अस्वल नव्हतं, वानर नव्हतं. हजेरीपटावरची नावं वाचावीत तसा सपाट आवाज. "पन मायला कळू दिलं न्हाई. शेवटपतुर हासली ती. तेवढं तर जमलं ना मला?"

गयामायचे शब्द माझ्या जिभेपर्यंत आले होते. ते सांगून कुणाचं भलं होणार होतं?

"जमलं, भाऊ," मी म्हणाले. "पाणी प्या."

घरी चीक घट्ट होऊन बसला होता. तो गाईला घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानभाऊ येणार नव्हते. मी लवकर शाळेत गेले, आडावरून पाणी शेंदलं, रांजण काठोकाठ भरला आणि मग कुलूप काढलं.