खलनायकाचे बारा कोट

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, ते मला अजूनही नीट कळत नाही. मशीनवर टीप सरळ येते, पण कागदावर ओळ कधी वर जाते, कधी खाली. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच, तर शुद्धलेखनाबद्दल आणि या अक्षराबद्दल आधीच माफी मागते.

लिहायचं आहे ते बारा काळ्या कोटांबद्दल.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायचो. नवरा डाळ मिलमध्ये कामाला. मी घरी ब्लाउज, परकर शिवायची. स्वभाव इतका लाजाळू की बायकांचं माप मी घ्यायची, पण शिलाई किती झाली ते सांगायला नवऱ्याला पुढे करायची. तो मिलमध्ये असला तर बायका पैसे न देताच जायच्या आणि मी दारात उभी राहून त्यांना हसून निरोप द्यायची.

शेजारी नाना राहायचे. त्यांचा लग्नाचा बँड होता, बारा माणसांचा. कोणी दिवसा हमाली करायचा, कोणी सायकली दुरुस्त करायचा, आणि लग्नसराई आली की लाल डगला घालून ट्रंपेट वाजवायचा. ते लाल डगले धुऊन धुऊन विटकरी झाले होते. कोपरांना ठिगळं मीच लावलेली. तुळशीच्या लग्नाआधी नवे ड्रेस करायचेच, असं नानांनी त्या वर्षी ठरवलं होतं.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीत रेल्वेत नोकरी करणाऱ्या एकाच्या घरी दिवसभराच्या भाड्याने व्हिडिओ आणला. रविवार होता. खिडक्यांना चादरी लावल्या आणि पन्नास माणसं एका खोलीत बसली. पिक्चर विलायती होता, पोरांच्या चित्रांच्या पुस्तकावरून काढलेला. भाषा कोणालाच कळत नव्हती, म्हणून आम्ही सगळे कपडेच बघत होतो.

त्यातला चांगला माणूस आकाशातून उडत यायचा. पण त्याच्या अंगात काय होतं? अंगाला चिकटलेली पातळ बनियन आणि तसलीच विजार. ना खिसा, ना बटण, ना काज. माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईला त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. आणि तो दुष्ट माणूस आला तेव्हा मी बसल्या जागी ताठ झाले. काळा कोट, उभी कॉलर, छातीवर बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर चंदेरी दोरीच्या पट्ट्या, कमरेला रुंद पट्टा. पाठीत एक सुरकुती नाही! खांदा ताठ राहायला आत किती बकरम घातलं असेल, बाही कशी बेतली असेल, याचाच मी विचार करत राहिले. त्याने मध्येच एक अख्खं गाव जाळलं, ते माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

नानाही माझ्यापुढेच बसले होते. मागे वळून म्हणाले, "पोरी, पाह्यलं का? ड्रेस असा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते कापडाचे बाराशे रुपये घेऊन आले. म्हणाले, "लाल रंग घे. नेहमीचा."

आयुष्यात मी कोणाला सल्ला दिला नव्हता. त्या दिवशी दिला. म्हटलं, "नाना, काळा घेऊ या. त्याच्यासारखा."

"काळा?" नानांनी विचारलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे तोच कोट आला असणार. म्हणाले, "होऊन जाऊ दे!"

आता हे लिहिताना हसू येतं. आम्ही बौद्ध. आमच्यात लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं आणि काळ्याचा विटाळ कोणी धरत नाही. म्हणून मला ते सुचलंच नाही. पण नाना चाळीस वर्षं वरातीत वाजवत होते, त्यांनाही सुचलं नाही. तो कोटच तसा होता.

वीस दिवस मशीन चालवली. चंदेरी दोरी, पितळी बटणं, कॉलरला दुहेरी बकरम. पहिला कोट तयार झाला तेव्हा दुपारची वेळ होती, घरात कोणी नव्हतं. मी दार लावलं आणि साडीवरच तो कोट अंगात घातला. आरशात पाहिलं. मान आपोआप वर गेली, कारण ती कॉलर मान खाली घालूच देत नव्हती. खिडकीत शेजारची शेळी माझी तुळस खात उभी होती. रोज मी तिला हळूच "हाड" म्हणायची आणि ती ऐकायची नाही. त्या दिवशी मी ओरडले, "चल, नीघ इथून!" शेळी पळाली. मीसुद्धा दचकले. माझा एवढा आवाज आहे, हे मला माहीत नव्हतं.

बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण बटणं काढताना लहानपणचं एक आठवलं. आमच्या वस्तीत खाकी कपड्यातली माणसं शिरली की आई मला आत ओढून दार लावायची. तेव्हा मी फटीतून त्यांचे चेहरे नव्हते बघत, पट्टे बघायची. चकचकीत असायचे. भीती वाटायची आणि नजरही हटायची नाही. मी कोट घडी करून ठेवला आणि पुन्हा अंगात घातला नाही.

बारा कोट झाले. गल्लीत तालीम झाली तर काय सांगू! एरवी चालताना एकमेकांच्या पायात पाय घालणारी माणसं एका रांगेत पाय आपटत चालायला लागली. ढोलवाला कोणाशी हसेना. सायकल दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच्या बायकोला सांगितलं, "पाणी आण!" ती म्हणाली, "कोट उतरव आणि मग माग."

पहिली सुपारी धरणगावची होती. ते माझं माहेर, म्हणून नानांनी मलाही टेम्पोत घेतलं. मांडवापुढे बँड उतरला. मी मनात फुलले होते. तेवढ्यात नवरदेवाची आजी बाहेर आली. गावात सगळे तिला अक्का म्हणायचे. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"हाई काय शे रे? वरात शे का पलटन?"

नाना पुढे झाले. "नवा ड्रेस शे अक्का. इलायती."

"इलायती घाल चुलामा! मना नातूनं पहिलं लगन शे आनि दारमा बठ्ठा काया कपडा! कोनले धरी लई जावाले उनात?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अक्का, पहिलं म्हंजे? दुसरंबी करनं शे का?"

सगळे हसले, पण अक्का हसली नाही. कोणाला धरून न्यायला आलात, हेच पुन्हा पुन्हा विचारत होती. काळे कपडे मांडवात येणार नाहीत म्हणजे नाहीत. नवरीकडच्यांनीही तिच्याच बाजूने मान हलवली. शेवटी मुहूर्त टळू नये म्हणून नानांनी हुकूम सोडला, "काढा रे कोट!" बाराजण बनियनवर आले. कोणाच्या बनियनला तीन भोकं, ढोलवाल्याने तर बनियनच घातली नव्हती. त्याला मांडवातल्याच एकाने टॉवेल दिला. मी टेम्पोमागे लपून बसले.

पण वाजवलं मात्र असं की सगळी वरात नाचली. नंतर ट्रंपेटवाला मला म्हणाला, "वहिनी, रागावू नका, पण त्या कॉलरमध्ये श्वासच घेता येत नव्हता."

सुपारी मात्र निम्मीच मिळाली. परत येताना टेम्पोत नाना बराच वेळ हसत होते. मग मला म्हणाले, "पोरी, कापडाचे पैसे जावयाचे होते."

लेकीच्या घरून पैसा घेणं ही नानांसारख्या माणसाला किती कमीपणाची गोष्ट, ते मला ठाऊक होतं. मुलगी धुळ्याला दिलेली. लग्नसराई झाली की लगेच फेडू, म्हणून त्यांनी जावयाकडून हे एकदाच घेतले होते. आता जुनेच लाल डगले घालून वाजवायचं, म्हणजे सुपारीही जुन्याच भावाने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला जायचं, आणि तिच्याच घरचं देणं डोक्यावर ठेवून तिच्या दारात उभं राहायचं, हे नानांना जमणार नव्हतं.

"काळा मी सांगितला," मी म्हटलं. "पैसे मी भरीन. आखाजीच्या आधी."

"तू? सात रुपयाला ब्लाउज शिवतेस."

"भरीन."

"चूक माझी आहे गं. चाळीस वर्षं वरातीत वाजवतोय."

पण मी ऐकलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू बोललीस? नानांपुढे? मग भरावेच लागतील."

कोट नानांनी माझ्याकडेच ठेवले होते; पंधरा दिवसांनी मी ते उन्हात टाकले होते. भुसावळच्या एका शाळेतल्या बाई आमच्या गल्लीत त्यांच्या नणंदेकडे आल्या होत्या, त्या ब्लाउज शिवायला माझ्याकडे आल्या. दोरीवरचे कोट बघून त्यांनी ब्लाउजचं कापड बाजूलाच ठेवलं.

"हे भाड्याने देता का? गॅदरिंगला हवेत. किती घेता?"

नवरा मिलमध्ये होता. मी दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. कोणी येणार नव्हतं. "पाच रुपये," मी म्हटलं. आणि बाई 'सगळ्यांचे का?' असं विचारतील या भीतीने लगेच पुढे म्हटलं, "एका कोटाचे!"

बाईंनी आठ नेले. मग दुसरी शाळा आली, तिसरी आली. कोणाला राक्षसाचं सैन्य हवं, कोणाला गोरा साहेब, कोणाला दुष्ट सेनापती. डिसेंबर-जानेवारीत कोट घरी टिकेनात. बाह्या आतून दुमडून टाके घालायचे आणि परत आले की उसवायचे. बटणं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. एकदा एक बटण कमी आलं, तर दुसऱ्या दिवशी एका पोराची आई ते घेऊन आली. म्हणाली, "उशीखाली ठेवलं होतं मेल्याने."

एक मास्तर कपाळाला हात लावून सांगत होते, "काय करू ताई? राजपुत्र व्हायला एकही पोरगं तयार नाही. वर्गातला सगळ्यात गरीब पोरगा मला म्हणतो, सर, मी दुष्ट होतो ना!"

भुसावळच्या बाईंनी आग्रह केला म्हणून मी ते गॅदरिंग बघायला गेले. पडदा उघडला. काळ्या कोटातली आठ पोरं पाय आपटत आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. माझेच टाके होते ते. मग त्या पोरांनी स्टेजवरच्या शेतकऱ्यांना लाथा मारायचं नाटक केलं, घागरी फोडल्या, आणि टाळ्या थांबल्या नाहीत. माझ्याही थांबल्या नव्हत्या. फटीतून पट्टे बघणारी मी मला आठवले, आणि मी हात पदराखाली घेतले. शेवटी राजपुत्र आला. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगात बापाचा सदरा. तो जिंकला, पण कोणाला त्याचं काही नव्हतं.

सगळा दोष पोरांना कसा द्यायचा? चांगल्या माणसाला चांगले कपडे शिवायला कोणी बसतच नाही. मी घरी येऊन उरलेल्या तुकड्यांतून आणि माझ्या एका जुन्या निळ्या साडीतून तेरावा कोट शिवला. आभाळी रंगाचा. बटणांच्या दोनाऐवजी तीन रांगा. जो चार काळे नेईल, त्याला निळा फुकट. बऱ्याच शाळांनी नेला. तरी एक पोरगं तो घालून बघताना मला म्हणालंच, "मावशी, याला पट्टा का नाही?" मग पट्टाही लावला. त्यानंतर राजपुत्र व्हायला दोघंजण भांडले, असं त्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा मी पोळी करपेपर्यंत हसत होते.

गॅदरिंगं संपली तेव्हा डब्यात सातशे दहा रुपये होते. उरलेले ब्लाउजांचे. मार्चभर मी रोज तीन-तीन शिवले, आणि शिलाई आता माझी मीच सांगायची. जुनी उधारी राहिलेल्या दोघी बायकांकडेही गेले. एक म्हणाली, "अगोबाई, तुला बोलता येतं!" आणि तिने पैसे दिले. आखाजीला आठ दिवस राहिले तेव्हा बाराशे पुरे झाले.

नाना म्हणाले, "तूच चल. तुझ्या हाताने दे." एसटीने धुळ्याला गेलो. पारोळ्याच्या पुढे मला गाडी लागली, तर नानांनी खिशातून लिंबू काढून दिलं. रुमालाची गाठ मी वाटभर मुठीत धरली होती.

लेक दारातच उभी होती. "आबा, मला न्यायला आले ना?"

"आधी आत चल. काम आहे," नाना म्हणाले.

जावई दुकानातून आला. मी रुमाल सोडला. दहाच्या, पाचच्या, दोनच्या नोटा होत्या, एवढा मोठा गठ्ठा झाला होता.

जावई लाजला. "मामा, एवढी काय घाई होती? आणि या ताईंनी कशाला..."

"मोज," नाना म्हणाले.

"अहो, विश्वास आहे."

"मोजा," मी म्हटलं. माझा आवाज घरभर ऐकू गेला. लेक स्वयंपाकघरातून डोकावली.

तो मांडी घालून बसला आणि मोजायला लागला. मध्ये एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेवटची दोनची नोट त्याने गठ्ठ्यावर ठेवली आणि वर पाहिलं.

"बाराशे. पूर्ण."